फणसाला दम देणारा मष्णूआप्पा

खानापूरच्या पलीकडं, रान सुरू होतं तिथल्या आमच्या गावात मष्णूआप्पा झाडांना शिव्या द्यायचं काम करतो. भातशेती आहे, म्हशी आहेत, पण नाव झालं ते शिव्यांनी. ज्या झाडाला फळ धरत नाही, त्याच्यापुढं तो अमावस्येला कुऱ्हाड उगारून उभा राहतो आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मालकानं बुंध्यामागं उभं राहून झाडाच्या वतीनं गयावया करायची, "औंदा सोडा, पुढल्या साली देतो." मग आप्पा कुऱ्हाड उलटी करून बुंध्याला नुसती टेकवतो आणि चहा पिऊन घरी जातो. एकदा असं बोलून झालं की वर्षभर त्या झाडाला हात लावायचा नाही. बायकोला दिलेला शब्द मोडणारे आमच्यात पुष्कळ आहेत. झाडाच्या वतीनं दिलेला मोडणारा अजून निघालेला नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मनुबाईचा मुलगा नागेंद्र गावी आला. हा बेळगावात इंग्रजी शाळेत पर्यावरण शिकवतो. पोरांकडून झाडं वाचवायची शपथ घेतो, तीही इंग्रजीत. त्याची नवी गाडी अंगणात शिरेना, म्हणून त्यानं दारातला फणस लाकूडवाल्याला द्यायचं ठरवलं. म्हातारीनं लग्न होऊन आल्या वर्षी लावलेलं झाड ते. पण जागा मुलाच्या नावावर. ती रडली नाही. म्हणाली, "तोड की. हल्ली फळ तरी कुठं धरतंय. फकस्त आधी मष्णूआप्पाला एकदा दम देऊ दे, म्हंजे माझ्या जिवाला बरं."

फळ धरत नव्हतं ही शुद्ध थाप. मे महिन्यात त्याचे गरे साऱ्या गल्लीनं खाल्ले होते, मीही. नागेंद्र उन्हाळाभर सासुरवाडीला असतो. का, ते त्याच्या बायकोला विचारा.

अमावस्येला सकाळी गल्ली जमली. सगळ्यांची तोंडं सुतकात असल्यासारखी. आप्पानं कुऱ्हाड उगारली. "म्हातारीच्या हातचं आयतं पाणी पितोस, देत काय न्हाईस, लाज न्हाय व्हय रं तुला?" हे फणसाला की नागेंद्रला, कळायला मार्ग नव्हता.

मग आप्पा थांबला. कुऱ्हाड वरच.

"बोल की मास्तर. झाडाच्या बाजूनं मालकानं बोलायचं असतंय."

"काय बोलू?"

"शाळंत बोलतोस की रोज."

नागेंद्रनं घसा साफ केला. "वृक्ष हे पर्यावरणाचे अविभाज्य घटक आहेत."

"ह्ये पुस्तकाचं झालं. फणसाचं बोल."

त्यानं इंग्रजीतली शपथही म्हणून बघितली. आप्पा हलला नाही.

"आप्पा, हात दुखतील तुमचे."

"दुखत्यात की."

नागेंद्र बुंध्यामागं गेला. मग तिकडून बारीक आवाज आला, "सोडा हो आप्पा. मी हितंच वाढलोय. औंदा सोडा. पुढल्या साली देतो."

कुऱ्हाड उलटी होऊन बुंध्याला टेकली. मनुबाई चहा टाकायला आत गेली.

दुपारी लाकूडवाला आला, तर नागेंद्रनंच त्याला वाटेवरनं परत लावलं. "शब्द दिलाय," म्हणाला. कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही. आता तो गावी आला की गाडी देवळापाशी उभी असते.

यंदा मे महिन्यात मनुबाईनं एसटीनं फणस नागेंद्रच्या सासुरवाडीला पाठवला. नागेंद्रनं लगेच आप्पाला फोन लावला. "दिला बघा आप्पा."

"दिलास तर," आप्पा म्हणाला. "दिवाळीला ये. पुढच्या सालाचं बोलायचं हाय."