ब्रेक सेक्शनचे सोनकांबळे

सहादेव सोनकांबळे एकतीस वर्षं मुंबईच्या एका बसडेपोत होते, एवढंच भाईंदरजवळच्या हाटकेशमधल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे लोक त्यांना ड्रायव्हर समजत. सुरुवातीला ते दुरुस्त करायचे, "ड्रायव्हर नाही, फिटर. ब्रेक सेक्शनला." पण पुढच्या खेपेला तोच माणूस लिफ्टमध्ये भेटला की पुन्हा विचारायचा, "काय सोनकांबळे, कुठल्या रूटला होता तुम्ही?" मग त्यांनी नाद सोडला.

उदगीरजवळच्या एका खेड्यातून आयटीआय करून ते मुंबईला आले, ते चेंबूरला मामाच्या खोलीत. डेपोत लागले तेव्हा वय सत्तावीस. पहिल्याच आठवड्यात फोरमनने त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, ब्रेक लागला तर नाव ड्रायव्हरचं, नाही लागला तर नाव फिटरचं. दुसरी, आपण उघडलेली गाडी बाहेर काढताना आपण आत बसायचं. सहादेवांनी दोन्ही गोष्टी कसलीही कुरकुर न करता मान्य केल्या. चाकातला ब्रेकचा ड्रम उतरवायचा, झिजलेले लायनर काढायचे, नवे बसवायचे, हवेची गळती बघायची आणि मग ड्रायव्हरशेजारी उभं राहून डेपोच्या आवारात दोन फेऱ्या. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून किती बसेस गेल्या असतील, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. त्यांचं कौतुक करायलाही कुणी आलं नाही. याचाच अर्थ सगळं ठीक चाललं होतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी तीन वर्षं पाना हातात धरला नाही. सकाळी फिरणं, वाचनालय, रविवारी बुद्धविहार, दुपारी पत्नी वैजयंताबाईंच्या शिलाई मशीनला तेल घालणं. माणूस समाधानी होता.

मग निशाने गाडी घेतली.

निशा त्यांची एकुलती एक मुलगी, फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम करून घ्यायची. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचं अर्धं अंग गेलेलं. भाईंदरपासून ठाण्यापर्यंत तिचे पेशंट पसरलेले. रिक्षांना कंटाळून तिने सात वर्षं जुनी एक पांढरी गाडी घेतली. गाडी चांगली होती, पण पावसाळा संपता संपता ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून आवाज यायला लागला. आधी बारीक किणकिण, मग दळण दळल्यासारखी घरघर. काशीगावच्या गॅरेजवाल्याने चाकाच्या फटीतून टॉर्च मारून निदान केलं: पॅड संपले, डिस्कलाही चरे पडले, दोन्ही बदलावं लागेल.

रात्रीच्या जेवणाला निशाने हे सांगितलं आणि सहादेवांच्या हातातला घास तसाच राहिला.

"मी करतो," ते म्हणाले.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अहो, बसचं वेगळं, हे वेगळं," वैजयंताबाई म्हणाल्या.

"ब्रेक तो ब्रेक. त्यात वेगळं काय?"

वेगळं होतं, आणि ते सहादेवांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचं सगळं आयुष्य ड्रममध्ये गेलेलं. बसचा ब्रेक हवेवर चालतो, गाडीचा तेलावर. डिस्क, म्हणजे चाकातली ती लोखंडी चकती, त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलींच्या चाकात पाहिली होती, तेवढीच. पुढच्या तीन दुपारी ते बेडरूमचं दार लोटून, कानात इअरफोन घालून मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले. तिसऱ्या दिवशी निशा लवकर घरी आली, नेमकी तेव्हाच इअरफोनची वायर निसटली आणि आतून खणखणीत आवाज आला, "तो दोस्तों, सबसे पहले हम कॅलिपर खोलेंगे!"

निशाने दार उघडलं. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले.

"शिकतोय," सहादेव म्हणाले. "न शिकता हात लावत नाही मी कशाला."

"मग मलापण दाखवा," म्हणत ती पलंगावर मांडी घालून बसली. उरलेले दोन व्हिडिओ दोघांनी मिळून पाहिले.

रविवारी सकाळी आठला ते पार्किंगमध्ये उतरले. निशाने पॅड आणि डिस्कचा जोड आणून ठेवला होता. जॅक गाडीतला होता. गाडीखाली टेकवायला लोखंडी घोड्या हव्यात, नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढणार नाही, असा सहादेवांनी हट्ट धरला, तेव्हा त्या ओळखीच्या टायरवाल्याकडून आणल्या. मागच्या चाकांना विटा लावल्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग गाडी उचलली.

चाक निघतंय न निघतंय तोच सेक्रेटरी दिपेशभाई दुधाची पिशवी घेऊन आले. "अरे अंकल, ये क्या? पार्किंग में गाडी खोलना अलाउड नहीं है. ऑइल गिरेगा, फिर लोग मेरेको बोलेंगे."

"एक बूंद नहीं गिरेगा, दिपेशभाई. ये देखो." सहादेवांनी खाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद, त्यावर जुनी चादर दाखवली. चादरीवर पाने लहानमोठ्या क्रमाने मांडलेले होते, प्रत्येक नट एका वाटीत.

दिपेशभाईंनी ती मांडणी पाहिली. "पहले किया है ना ये काम?"

"इकतीस साल," सहादेव म्हणाले. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सुटला. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू नये म्हणून सहादेवांनी तारेने वर बांधून टाकला. जुने पॅड हातात आले तेव्हा निशाने तोंडावर हात धरला. एकाचा मसाला पार उडाला होता, नुसता पत्र्यावर पत्रा घासत होता. डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चरे.

पण डिस्क निघेना. सात पावसाळ्यांच्या गंजाने ती जागेवर घट्ट धरून बसलेली. सहादेवांनी हातोडीने हलकेच ठोकली, फिरवून ठोकली, तेल सोडलं. अर्धा तास गेला. घाम टिपायला ते मागे टेकले, तेव्हा डिस्कच्या तोंडावरची दोन बारीक भोकं त्यांच्या नजरेला पडली. आत आटे होते.

"अगं, हे तर आपलंच!" ते एकदम म्हणाले. "बसच्या ड्रमलासुद्धा असंच असतं. यात बोल्ट पिळत जायचे, म्हणजे तेच डिस्कला ढकलतात बाहेर."

वाटीतून मापाचे दोन बोल्ट शोधले. एकदा इकडचा अर्धा फेरा, एकदा तिकडचा. कडकन आवाज झाला आणि डिस्क त्यांच्या मांडीवर आली. तीन वर्षांत वैजयंताबाईंनी नवऱ्याचा चेहरा इतका खुललेला पाहिला नव्हता. त्या चहा घेऊन नुकत्याच खाली आल्या होत्या, आणि चहा तसाच हातात धरून बघत राहिल्या.

नव्या डिस्कवरचं तेल पुसलं, कॅलिपरमधला पिस्टन क्लॅम्पने हळूहळू आत दाबला, पॅड बसवले. पहिल्या चाकाला अडीच तास लागले. दुसऱ्या चाकापुढे सहादेवांनी पाना निशाच्या हातात दिला आणि स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. माणसांचे सांधे मोकळे करणारे तिचे हात, त्यांना लोखंडही पटकन समजलं. कुठे जोर, कुठे धीर, हे तिला सांगावं लागलं नाही. पाऊण तासात चाक लागलं. गाडी खाली घेतली, विटा काढल्या.

"घे, थोडी मागे घे," सहादेव म्हणाले. ते बाहेरच उभे होते, चादरीवरचे पाने गोळा करत.

पार्किंगमधून गेटकडे जरासा उतार आहे. निशाने रिव्हर्स टाकला, गाडी हलली, तिने ब्रेक दाबला. पेडल सरळ तळाला गेलं. गाडी थांबली नाही.

"पप्पा!"

"हँडब्रेक! निशा, हँडब्रेक ओढ!"

तिने दोन्ही हातांनी ओढला. गाडी खांबापासून वीतभर अलीकडे थांबली.

सहादेवांनी पाने तसेच चादरीवर टाकले. काय झालं ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पिस्टन आत ढकलले की पेडल चारसहा वेळा दाबून ते पुन्हा पॅडपाशी आणावे लागतात. व्हिडिओत सांगितलं होतं, त्यांनी ऐकलंही होतं. पण बसमध्ये हवेचा दाब दाखवणारा काटा असतो. काटा वर चढल्याशिवाय कुणी बस हलवतच नाही. आयुष्यभर त्या काट्याकडे बघायची सवय लागलेल्या डोळ्यांना इथे बघायला काहीच नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते आत बसले नव्हते. मुलीला एकटीला बसवलं होतं.

ते खिडकीशी गेले. "चूक माझी. तू काही चुकली नाहीस."

निशाने हँडब्रेकवरचा हात अजून काढला नव्हता. "ठीक आहे पप्पा. थांबली ना."

"नशिबाने थांबली. ब्रेक नशिबाने लागत नसतो." ते म्हणाले. "तीन वर्षांत माणूस एवढं विसरतो?"

वैजयंताबाई स्टुलाशी उभ्या होत्या. भीतीने त्यांचाही चेहरा उतरला होता, पण नवऱ्याकडे बघून त्यांनी स्वतःला सावरलं. "विसरला नाहीत. हे तुम्ही आज पहिल्यांदा केलंत," त्या म्हणाल्या. "इतके दिवस कबूल करत नव्हता एवढंच. आधी दोघं पाणी प्या."

सहादेव पाणी प्यायले. मग गाडी पुन्हा जागेवर लावून ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पेडल दाबत राहिले. पहिल्या दोन वेळा ते पोकळच गेलं. तिसऱ्या वेळी तळातून काहीतरी उठल्यासारखं वाटलं. पाचव्याला ते पायाखाली घट्ट झालं, दगडासारखं. त्यांनी निशाला बसवून तिच्याकडूनही दाबून घेतलं. "हे पायाला लक्षात ठेवायला सांग. काटा नाही, तर पाय हाच काटा."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांनी दोन्ही चाकं पुन्हा काढली. प्रत्येक बोल्ट तपासला, तेलाची पातळी पाहिली, नळीला कुठे ओल आहे का म्हणून बोट फिरवलं.

"परत कशाला?" निशाने विचारलं.

"मन भरत नाही."

ती त्यांच्याशेजारी बसली आणि नट वाटीत टाकत गेली.

चार वाजता तिघं निघाले. निशा गाडी चालवत होती, सहादेव शेजारी, वैजयंताबाई मागे. भाईंदरचा पूल ओलांडून पश्चिमेला, मग मुर्धा, राई, मोरवा. दोन्ही बाजूंना मिठागरं पसरलेली. रस्ता मोकळा मिळाला की सहादेव सांगायचे, "आता पन्नासवर ने. हं, आता दाब, हळू. पूर्ण थांबवू नको. दहावर आली की सोड." थोडं अंतर जाऊ द्यायचे, की पुन्हा तेच.

"असं किती वेळा?"

"दहाएक वेळा. नवा पॅड, नवी डिस्क. एकमेकांची ओळख व्हायला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी जबरदस्ती केली तर कायमचा बिघडतो संसार."

"ऐकलं का गं?" मागून वैजयंताबाई म्हणाल्या. "लग्नात हे नव्हतं सांगितलं मला."

सातव्या वेळेला सहादेवांनी डोळे मिटून घेतले. डेपोत ते असंच करायचे, आवाज कानाने बघायला. घरघर नव्हती, किणकिणही नव्हती. रस्त्याचा आवाज, टायरचा आवाज, आणि ब्रेक दाबला की गाडी कुणी मागून अलगद धरल्यासारखी मंदावत होती. त्यांनी डोळे उघडले. निशाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आठव्यांदा गाडी पन्नासवर नेली.

उत्तनला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या कडेला एक कोळीण टोपली मांडून बसली होती. वैजयंताबाई म्हणाल्या, "थांब गं, बोंबील दिसतायत." निशाने ब्रेक लावला आणि गाडी टोपलीच्या बरोबर समोर थांबली.

"ताजं हाय, बाय. आत्ताच बोटीवरून आलंय," कोळीण म्हणाली.

वैजयंताबाई खाली उतरून बोंबील निवडायला लागल्या. सहादेवही उतरले, पुढच्या दोन्ही चाकांशी वाकले आणि हात चाकाजवळ नेऊन डिस्कची ऊब अजमावली. दोन्ही बाजूंना सारखीच होती, म्हणजे दोन्ही ब्रेक सारखे धरत होते. मग ते टोपलीपाशी गेले आणि म्हणाले, "ते मोठे घे दोन, निशाला तळलेले आवडतात."