आग्रहाचा सिनेमा

मी फ्रेंच शिकले तेव्हा आमच्या घरात कुणी पेढे वाटले नव्हते. "त्याचा उपेग काय?" असं आई विचारायची आणि मी फणकाऱ्यानं म्हणायचे, "बघशील!" बघितलं तिनं. त्या फ्रेंचच्या जोरावर मी तिच्याच सख्ख्या भावाचं जगापुढे हसं केलं.

भोरच्या लोकांना शूटिंगचं आता काही वाटत नाही. पण फ्रान्सहून विनोदी सिनेमांचा एक म्हातारा दिग्दर्शक आला आणि त्याला या भागातली दुभाषी हवी होती, म्हणजे मीच. महिनाभर आम्ही जागा बघत भोर-वेल्हे पालथं घातलं. कापूरहोळच्या ढाब्यावर चहा झाला की त्याची कळी खुलायची आणि तो आपलं आयुष्य सांगत बसायचा.

वडील एका लहानशा गावात स्टेशनमास्तर. यानं शाळा सोडली, नाटकाच्या थिएटरात तिकिटं फाडली, मग शूटिंगच्या जागी वायरी ओढल्या. स्वतःचा पहिला सिनेमा सपशेल पडला, कारण लोक भलत्याच गंभीर प्रसंगाला हसत सुटले. "तिथं मला अक्कल आली," तो म्हणायचा, "आपण हसवतोय हे ज्याला माहीत नसतं, तोच खरा हसवतो." दुसऱ्या सिनेमात त्यानं थेट वडिलांनाच उभं केलं. मिनिटाचा उशीर झाला तरी घाम फुटणारा स्टेशनमास्तर! रेल्वेवर माहितीपट करतोय, अशी थाप त्यांना मारली होती. सिनेमा धो धो चालला. पुढे कित्येक वर्षं याचं नाव होतं, खाटकाच्या दुकानातसुद्धा लोक सही मागायचे. मग दिवस फिरले. लागोपाठ तीन सिनेमे आपटले. हा बहुतेक शेवटचा.

"वडिलांना आवडला का तो सिनेमा?" मी विचारलं होतं.

"ते नंतर माझ्याशी गाड्यांच्या वेळा सोडून काही बोलले नाहीत," असं म्हणून तो खो खो हसला. मीही हसले. म्हणजे पुढं काय होणार ते मला आधीच कळलेलं होतं. कळलं नव्हतं अशी पळवाट मला नाही.

त्याच्या या नव्या सिनेमात एक फ्रेंच प्रवासी डोंगरातल्या एका घरात अडकतो. दिवसातली एकुलती एक एसटी निघायला आलेली आणि घरधनी त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. पुण्याहून आणलेल्या नटांना म्हाताऱ्यानं दोन दिवसांत घरी पाठवलं. "हे जेवण वाढत नाहीत, विनोद वाढतात," म्हणाला. आणि मी, जिभेला हाड नसलेली बाई, बोलून गेले, "माझे मामा आहेत पासलीला."

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी 'हो' म्हणत नाही. 'नको' म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, पुन्हा 'नको', पुन्हा आग्रह, मग पाटावर बसायचं. नुसत्या 'नको'वर गप्प बसणारा घरधनी म्हणजे कंजूष, नाहीतर रागावलेला. म्हाताऱ्याला मीच हे रंगवून सांगितलं. त्यानं आपल्या नटाला बजावलं, शेवटपर्यंत 'नको'च म्हण आणि मनापासून म्हण. मामांना काय सांगायचं ते माझ्यावर सोडलं. मी सांगितलं, "फ्रान्सचे पाहुणे येणार आहेत. आपल्याकडचा पाहुणचार कसा असतो, त्याचं शूटिंग करणार आहेत." एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच जास्त लाज वाटते.

मामांनी कडक इस्त्रीची टोपी घातली. मामीनं कोंबडं कापलं, इंद्रायणीचा भात लावला. पाहुणा 'नको' म्हणाला की मामा वाढायचे. त्यानं ताटावर आडवा हात धरला, तर हात प्रेमानं बाजूला सारून वाढायचे. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, पाहुणा उठायला लागला, तसं मामांनी त्याला खांदे दाबून खाली बसवलं. "अन्नावरनं उठायचं न्हाई, पाव्हणं!" आणि स्वतः अनवाणी धावत जाऊन, दोन्ही हात पसरून एसटीच्या आडवे उभे राहिले. "दम धर की मर्दा! पाव्हणं जेवतंय!"

म्हातारा तोंडात रुमाल कोंबून रडेस्तोवर हसत होता.

सगळं आटोपल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. "प्वाटभर जेवलं का गं पाव्हणं? का लाजलं?"

"जेवले मामा. लई खूश झाले." नट तेव्हा गाडीमागं ओकत होता.

सिनेमा तिकडे चालला. म्हाताऱ्याचं नाव परत वर आलं, त्यानं मला आभाराचं लांबलचक पत्र पाठवलं आणि मी ते दहा जणांना दाखवलं. मग सिनेमातला तो एसटी अडवण्याचा तुकडा आमच्याकडच्या मोबाईलवर आला, खाली सर्कशीतलं संगीत लावलेला. वेल्ह्याच्या बाजारात लोक मामांना बघून ओरडायला लागले, "दम धर, पाव्हणं जेवतंय!" मामांना आधी ते कौतुकच वाटलं. तेही हात उंचावून हसायचे. शेवटी सुनेनं त्यांना तो तुकडा दाखवला. मामीचा फोन आला, "दोनदा बगितला त्येंनी. आन मग भरल्या ताटावरनं उठलं."

मी सकाळच्या एसटीनं पासलीला गेले, नुसत्या चहावर. मामा गोठ्यापाशी शेळ्यांना पाला टाकत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामा, माझं चुकलं. मला सगळं माहीत होतं."

त्यांनी पाला टाकायचं थांबवलं नाही. "त्येला भूक न्हवती, व्हय?"

"नव्हती."

"आन तुला ठावं हुतं."

"हो."

"मंग तितंच सांगायचंस, पोरी. नको म्हंत्याला म्या कशाला जबरदस्ती केली आसती?"

आवाजात राग औषधालासुद्धा नव्हता. दोन मुस्कटात दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते. घरातून नुकत्या उतरवलेल्या भाताचा वास येत होता. दुपारचा एक वाजून गेला असेल.

मामांनी हात झटकले. "जेवतीस?"

"नको मामा," मी सवयीनं म्हणाले, "खाऊन निघालेय."

"बरं," मामा म्हणाले.

मी थांबले. मामी हातात पळी घेऊन दारात आली होती. तिनं मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मामांनी शेळ्या सोडल्या आणि त्यांच्यामागून ते डोंगराकडे चालू लागले.