लाल फुली

आमच्या मोआलबोआल या समुद्रकाठच्या गावात डायव्हिंगची जाकिटं दुरुस्त करतात ते नोंग इस्तोय; थोरल्या माणसाला आम्ही नोंग म्हणतो. पाण्यात माणसाला वर उचलायचं काम त्या जाकिटातली हवा करते. जाकीट अगदीच कामातून गेलेलं असलं तर नोंग आतून लाल फुली मारून ते कचऱ्यात टाकतात. आमच्या गावात कचऱ्यातली वस्तू दुपारपर्यंत तरी टिकते का?

परवा मी माझं जाकीट नेलं. "नोंग, हवा गळतेय. उद्या पर्यटकांना खाली न्यायचंय, तेवढं शिवून द्या."

त्यांनी ते फुगवून टबात दाबलं. भसाभस बुडबुडे आले. मग त्यांनी आतली हवेची पिशवी उलटी केली आणि त्यांचा चेहराच उतरला. "हे कुठून आणलंस?"

"जुन्या बाजारातून, वर्ष झालं."

पिशवीवर लाल फुली होती.

"पोरी, ही शिवण कधीही फाटली असती."

वर्षभर मी ते घालून तीस मीटर खाली जात होते.

"मग टाकताना कापून का नाही टाकलंत?" मी ओरडलेच.

"कापड चांगलं होतं गं. जीव होईना."

"अशी किती टाकलीत?"



"अकरा."