रिपोर्ट कोणाच्या मोबाइलवर

मेहकरच्या लॅबमधून घरी रक्त न्यायला येणारा माणूस आल्या आल्या आधी पंखा बंद करतो. का, ते सांगत नाही. सुई टोचायच्या आधीच तो "झालं" म्हणतो, म्हणजे समोरचा हात सैल सोडतो.

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नसांची झीज किती चालली आहे हे रक्तातल्या एका प्रथिनावरून कळतं आणि पुढे पाय कितपत साथ देतील याचा अंदाज येतो, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आमच्याकडे असे रिपोर्ट आधी घरातल्या कर्त्या माणसाकडे जातात. आजारी माणसाला मग बेताने सांगायचं. घरात थोरली मी, म्हणून त्या लॅबवाल्याला ओट्यावरच गाठून माझा नंबर दिला. त्याने मान हलवली.

आत नळीवर नाव चिकटवताना त्याने बहिणीलाच विचारलं, "बाई, रगत तुमचं हाय. रिपोट कोनाच्या मोबाइलवर टाकू?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्याच."

रिपोर्ट आला तो तिने एकटीने वाचला. संध्याकाळी नेहमीसारखी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली.

पुढच्या खेपेला तो निघताना मी त्याला अडवलं. "भाऊ, रिपोर्ट बरा होता की वाईट, एवढं तरी सांगा."

"तुमचं रगत काढीन तवा तुमाले सांगीन, ताई," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.