कंपनीतली चंची

शिरूरजवळच्या एका कंपनीत मी सात वर्षं पॅकिंगला होते. न्हावऱ्याहून कंपनीच्या बसनं जायचं आणि चारचाकीला आतून लागणाऱ्या काळ्या, चकचकीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या क्रेटमध्ये भरायच्या. पट्टीला ओरखडा पडला की माल परत यायचा. दोन पट्ट्यांमध्ये आम्ही फोमचा तुकडा घालायचो. पण ट्रक हलला की फोम सरकायचा आणि पट्ट्या एकमेकींना घासायच्या.

आमच्या लाइनचे सुपरवायझर दौंडचे. वयानं मोठे, म्हणून सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. एकदा साहेब लोक लाइनवर आले, बाहेरून महागडे ट्रे मागवण्याची चर्चा करून गेले. ते गेल्यावर आप्पा आमच्याकडं वळले.

"रोज हे तुमच्या हातात असतंय. तुम्हाला काय वाटतं?"

नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी चाचरत म्हणाले, "आप्पा, आमच्या सासूबाईंची पानसुपारीची चंची हाय. एकाच कापडाचे कप्पे. कितीबी हलवा, सुपारी कातात जात न्हाई. तसंच क्रेटच्या मापाचं शिवलं तर?"

दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. आप्पा हसले नाहीत. "शिवून आणा की मग," एवढंच म्हणाले.

लाइनच्या टोकाला त्यांनी एक टेबल रिकामं करून दिलं. रिजेक्ट झालेल्या पट्ट्या तिथं ठेवल्या आणि शनिवारचा अर्धा तास वरच्यांकडून मागून घेतला. मी जुन्या सुती साडीची चंची शिवून नेली. पट्ट्या घातल्या, क्रेट हलवला, बाहेर काढल्या, तर सगळ्यांना पांढरे धागे चिकटलेले. क्वालिटीचे साहेब बघत होते. "ही गोधडी कुठून आणली?" म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब गेल्यावर आप्पांनी एक पट्टी पुसली आणि उजेडात धरली. "ताई, ओरखडा हाय का?"

"न्हाई."

"मग कापड चुकलंय. कप्पे न्हाई चुकले."

त्या एका वाक्यावर मी पुढचे तीन महिने काढले. शिरूरच्या बाजारातून छत्रीचं कापड आणलं. धागे सुटायचे थांबले, पण कप्प्यातली शिलाई पट्टीला घासायला लागली. पुन्हा उसवलं, शिलाई बाहेरच्या अंगाला घेतली. मग एक क्रेट खऱ्या मालाबरोबर ट्रकमधून गेला. चौथ्या दिवशी आप्पा लाइनवर आले ते हसतच. एकही पट्टी परत आली नव्हती. सुधारणेचा फॉर्म त्यांनीच भरला आणि वर माझं नाव घातलं. पुढं बिहारची पोरंसुद्धा "चंची लाओ" म्हणायला लागली.

आप्पा रिटायर झाले आणि वर्षभरानं मीही नोकरी सोडली. कंपनीचंच चंच्यांचं काम घेतलं, न्हावऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पाच शिलाई मशिनी टाकल्या. तिथं मात्र मी आप्पांसारखी वागले नाही. एका बाईनं अख्खा तागा अरुंद कापला, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. तिनं आत जाऊन एक पिशवी आणली. उरलेल्या तुकड्यांतून घरीच शिवलेली, बारीक कप्प्यांची.

"पान्हे, स्क्रू डायवर ठेवाय चालंल का वो?" तिनं विचारलं. आज निम्मं काम त्या पिशव्यांचं आहे.

गेल्या महिन्यात मी एसटीनं दौंडला जाऊन आप्पांना भेटले. त्या बाईला बोलले तेही लपवलं नाही. आप्पा म्हणाले, "घरी गेला व्हता न्हवं? बास झालं." त्यांचे आभार कसे मानायचे हे मी बसमध्ये ठरवून ठेवलं होतं, ते ऐन वेळी जमलंच नाही. त्यांच्या पाया पडले. मी सोबत नेलेली त्या बाईची पिशवी त्यांनी उलटी करून शिलाई तपासली आणि बायकोला हाक मारली, "आगं, चहा टाक, आन् हे बघ काय शिवलंय!"