अशी बाई इथं राहत नाही

शिवकांताक्काचं चालचलन कसं आहे हे पोलिसांनी ठरवायचं, इथूनच डोकं तापायला सुरुवात होते. कवठाळवाडीच्या वरच्या गल्लीत असं एक पोर दाखवा, जे तान्हं असताना तिच्या पायांवर पालथं पडून न्हालेलं नाही. बाळंतीण कुणाची का असेना, अक्का तेलाची वाटी घेऊन हजर. नवरा मलप्पा ऐन तिशीत गेला. लेक नांदेडला एका दुकानात चिकटला आणि "आई, इकडं ये" म्हणून निरोप धाडून धाडून थकला. पण ही बाई काही गल्ली सोडायला तयार नाही. नांदेडात लोकांच्या लेकराला कोण हात लावू देतंय, म्हणायची.

लातूर जिल्हा नवा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि वाटणीत जिल्ह्याच्या पदरात दुष्काळ मात्र भरभरून पडला होता. आडात पोहरा सोडला की नुसता दगडावर वाजायचा. निम्मं गाव ऊस तोडायला कर्नाटकात गेलं. लेकरं फडावर न्यावीत तर तिथं साप, कोयते, पाचटाची आग. म्हणून एका संस्थेनं गावातल्या मठात लेकरांसाठी निवारा उघडला. मुलं पुढच्या ओसरीत, मुली मागच्या खोलीत. शाळेतला विरूपाक्ष मास्तर कारभार बघायचा.

अक्काला कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती आपली घागर काखेला मारून आली आणि एका पोरीचं डोकं मांडीवर ओढून उवा बघायला बसली. तेव्हापासून ती रात्री मुलींच्या खोलीतच झोपायची. पगार नाही, मानधन नाही, कुणी विचारलंही नाही. एका घागरीत सगळ्या पोरींची तोंडं आणि हातपाय उरकायची, आणि खाली परातीत धरलेलं पाणी मठातल्या बेलाला घालायची. यातली सगळ्यात धाकटी केवळा. तिला आई नव्हती आणि बाप फडावर. झोपायच्या आधी तिचा एकच प्रश्न असायचा, "माझा बाप आता काय करून राहिला?" अक्का रोज न चुकता सांगायची, "मोळी बांधून राहिला. झोप आता."

मग तो नियम आला. दूर कुठल्याशा गावात, दुसऱ्याच एका निवाऱ्यात, एका नराधमानं लेकराशी वाईट वर्तन केलं होतं. संस्थेनं ठरवलं की लेकरांजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागेल. संक्रांतीपर्यंत दाखला नसेल, तर त्या माणसानं मठात राहायचं नाही. विरूपाक्षनं हे सांगताना मान वर केली नाही.

"खाली कामून बगता, मास्तर?" अक्का म्हणाली. "बरोबर हाय की. पोरींजवळ कोन झोपतंय हे बगायलाच पायजे. दाखला आणते मी."

नियमाला नावं ठेवायची नाहीत. लेकरांसाठी असला नियम हवाच. राग आहे तो पुढच्या तमाशाचा.

अक्का यष्टीत बसून घोडवाळीच्या ठाण्यावर गेली. जमादार पान जमवत बसला होता. "काय गुन्हा झाला?" त्यानं विचारलं.

"गुन्हा न्हाई केला, तेचाच दाखला पायजे."

"गुन्हा नाही केला तर इथं कशाला आलीस, बाई?"

जमादारानं तिला लातूरला पिटाळलं, आता सगळं तिकडूनच होतं म्हणून. लातूरला एका कारकुनानं गावाचं नाव ऐकलं आणि हात झटकले. तुमचं गाव परवापर्यंत जुन्या जिल्ह्यात होतं, म्हणे, तुमचं रेकॉर्ड तिकडंच असणार, तिकडं विचारा. कसलं रेकॉर्ड? जिनं जन्मात कुणाची काडी उचलली नाही, तिचं रेकॉर्ड या जिल्ह्यात तरी कुठून असणार आणि त्या जिल्ह्यात तरी कुठून? शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या माणसाला दया आली. त्यानं अर्ज ठेवून घेतला. ठाण्यातून शिपाई गल्लीत येईल, शेजाऱ्यांना विचारेल, शेजारी बरं बोलले की झालं, असं त्यानं सांगितलं. अक्का हसतच घरी आली. शेजाऱ्यांनाच विचारणार म्हणजे काम फत्ते झालं, असं तिला वाटलं, आणि तिनं गल्लीत कुणाला काही सांगितलंसुद्धा नाही. आपल्याच माणसांना काय सांगायचं?

शिपाई आला तेव्हा अक्का मठात होती. त्यानं गल्लीच्या तोंडाशी, माणिकप्पाच्या किराणा दुकानासमोर सायकल लावली आणि विचारलं, "शिवकांता मलप्पा नावाची बाई कुठं राहते?"

माणिकप्पानं तराजूवरून नजर उचलली नाही. "कोन शिवकांता? अशी बाई न्हाई इथं."

शिपायानं समोरच्या शरणम्माला विचारलं. तिनं हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. पुढच्या घरातल्यांनी दार लोटून घेतलं. पारावरच्या दोघांनी, ही गल्लीच नव्हे, खालच्या गल्लीत बघा, म्हणून सांगितलं. सगळी गल्ली कशी एका सुरात.

आता ही माणसं खोटारडी होती का? मुळीच नाही. पण निजामाच्या शेवटच्या वर्षात, रझाकारांची धामधूम चालली होती तेव्हा, याच गल्लीत पोलीस माणिकप्पाला हुडकत आले होते. मिसरूड न फुटलेला माणिकप्पा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत निरोप पोचवायचा. पोलिसांनी घराघरात विचारलं, दोघातिघांना झोडपलं. तरी गल्लीनं एकच सांगितलं, असा माणूस इथं राहत नाही. म्हणून माणिकप्पा जगला. तेव्हापासून गल्लीच्या अंगात हे मुरलेलं. खाकी कपड्यातला माणूस नाव विचारत आला की तो माणूस आपल्याला ठाऊक नाही. निजाम गेला, राज्य बदललं, जिल्हासुद्धा बदलला, पण हे बदललं नाही.

संध्याकाळी माणिकप्पा छाती पुढं काढून मठात आला. "शिवकांता, आज तुला वाचवलो बग," तो म्हणाला. "पोलीस आल्ता. तुजा पत्ता लागू दिलो न्हाई. साऱ्या गल्लीत एक माणूस फुटला न्हाई."

अक्काच्या हातातली फणी तशीच राहिली. "काय म्हणलात तुमी तेला?"

"अशी बाईच न्हाई, म्हणलो."

अक्कानं फणी खाली टाकली. मग तिचा आवाज चढला. कुणी तो तसा ऐकला नव्हता. "अप्पा, जलमभर या गल्लीतली लेकरं न्हाऊ घातली. एकाच्या तोंडातून न्हाई निघालं, की बाई चांगली हाय म्हणून?"

"चांगली हाय म्हणूनच तर न्हाई म्हणलो," माणिकप्पा म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळून चुकलं की काय झालंय. त्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः अक्काबरोबर घोडवाळीला गेला. उभ्या आयुष्यात हा माणूस ठाण्यासमोरून गेला नव्हता, यष्टी स्टँडवरून बाजारात जातानाही मागच्या बोळानं जायचा. आज तो अक्काच्या पुढं होऊन पायरी चढला. सदर बाई दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असा शिपायाचा कागद आधीच जमादारासमोर पडलेला होता.

"साहेब, राहते. माज्या दुकानापासनं तिसरं घर," माणिकप्पा म्हणाला. "तिच्यावानी बाई न्हाई."

जमादारानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काल खोटं बोललास, का आज बोलून राहिलास?"

"काल."

"म्हणजे पोलिसाला खोटं सांगितलंस. देतोस लिहून?"

माणिकप्पानं कोपऱ्यातल्या कोठडीच्या गजांकडं एकदा पाहिलं. "देतो," तो म्हणाला.

यावर त्या जमादारानं काय करावं? हसावं. खदाखदा हसला तो. पोलिसाशी खोटं बोललो म्हणून जो लिहून देतो, त्याची साक्ष काय चाटायची, म्हणाला. पन्नाशी ओलांडलेला माणूस भीती गिळून खरं सांगायला आला, त्याची ही किंमत. फेरचौकशीला माणूस येईल, जा. कधी येईल? येईल तेव्हा येईल.

तो काही आला नाही. संक्रांत आली. विरूपाक्षनं संस्थेच्या हातापाया पडून पाहिलं, मी हमी घेतो म्हणाला. पण पोलिसांचाच कागद हवा, नाहीतर धान्य बंद, असं उत्तर आलं. दुसरी बाई ठेवावी म्हटलं तर होती कुठं? धडधाकट बाया फडावर, उरलेल्यांना आपलीच म्हातारीकोतारी उरकत नव्हती. बाईशिवाय मुलींना ठेवता येत नव्हतं. त्यानं बापांना निरोप धाडले, मुलींना घेऊन जा. बापांना तोड सोडून येता येईना, म्हणून त्यांनी मुकादमाला सांगितलं.

मुकादम रिकामा ट्रक घेऊन भर दुपारी आला. डोळे तांबडे, तोंडाला वास, गळ्यात रुमाल. पोरी कुठायत म्हणाला. आजवर त्यानं यातली एकही पोर पाहिलेली नव्हती. विरूपाक्षनं त्याचा अंगठा घेतला, आणि मुकादम एकेका पोरीला बखोटीला धरून ट्रकवर चढवायला लागला. केवळा खांबाला बिलगून उभी राहिली.

अक्का मधे आली. "मास्तर, ह्याचा दाखला कुटंय?"

विरूपाक्ष अंगठ्याच्या कागदाची घडी घालायला लागला.

"मला पोरींजवळ झोपायला पोलिसाचा कागद लागतो. आन् ह्या बाबाच्या हातात पोरी देऊन राहिलात, तर ह्याला कुनी इचारलं का, तू कोन हाईस म्हणून? ह्याच्या गल्लीत गेल्ता का शिपाई?"

"अक्का, नियम मठात राहणाऱ्यांना हाय," विरूपाक्ष म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण म्हणाला तो हेच.

"मंजे फडावर लागत न्हाई दाखला?"

"न्हाई."

अक्का घरी गेली. येताना तिच्या काखेला घागर होती आणि हातात एक गाठोडं. घागर तिनं ट्रकवर ठेवली, मुकादमाला बाजूला सारलं, केवळाला उचलून वर दिलं आणि चाकावर पाय देऊन स्वतः वर चढली. मुकादम काहीतरी पुटपुटला. "लेकाला नांदेडला कळवा," ती विरूपाक्षला म्हणाली. मग केवळाला जवळ ओढून घेतलं. "चल, तुजा बाप काय करून राहिला ते आता जाऊनच बगू." पन्नाशी उलटलेली बाई, जिनं कधी हातात कोयता धरला नव्हता, ती फडावर निघाली, कारण तिच्या चांगुलपणाचा कागद मिळत नव्हता.

शिमग्याच्या तोंडावर फेरचौकशीचा शिपाई आला. तोच, त्याच सायकलवर. माणिकप्पा दुकानाची फळी ओलांडून रस्त्यातच आला. "हाव साहेब, शिवकांता इथलीच," तो म्हणाला. शरणम्मा आली, पारावरचे आले, लोटलेली दारं उघडली. माझं लेकरू तिनंच जगवलं, माझ्या सुनेचं बाळंतपण तिनंच काढलं, असं ज्यानं त्यानं सांगितलं. एवढ्या वर्षांत गल्ली खाकी कपड्यापुढं इतकं कधी बोलली नव्हती.

"बरं, बरं," शिपाई म्हणाला. "बाईला बोलवा. समक्ष बघून अंगठा घ्यावा लागतो."

सगळ्यांनी माणिकप्पाकडं पाहिलं.

"इथं न्हाई ती," माणिकप्पा म्हणाला.

"मग कुठाय?"

"कर्नाटकात, फडावर. टोळी हालत ऱ्हाती, आता कोन्त्या फडावर ते मालूम न्हाई."

शिपाई वैतागला. मागच्या खेपेलाही हेच सांगत होतात, म्हणाला. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, सीटवर कागद धरून मागचीच ओळ पुन्हा लिहिली, सदर बाई दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, आणि खाली माणिकप्पाची सही घेतली. माणिकप्पानं ती मुकाट्यानं दिली, कारण या खेपेला ते खरं होतं.