घाटावरचा चाकरमानी

"चालतंय की!" म्हणताना तो उजवा हात असा उडवायचा, जणू खांद्यावर बसलेलं पाखरूच उडवतोय. आता तुम्हीच सांगा, आमच्या मालवणात कुणाला काही इतक्या सहज चालतं का? आम्ही चहाच्या रंगावरून हॉटेलवाल्याशी अर्धा तास भांडणारी माणसं. आणि हा कोल्हापूरचा गडी पाठीला लॅपटॉप लावून राहायला आला, माझ्या शिलाईच्या दुकानामागची खोली पाहिली आणि गळक्या कौलांकडे बघत म्हणाला, "काका, चालतंय की!"

कौलांचं सोडा, मला 'काका' लागलं. मी फार तर पंधरा वर्षांनी मोठा असेन.

काम त्याचं पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं, पण करायचा आमच्या समुद्राकडे तोंड करून. तिथून माझं जळणं सुरू झालं. मी तीस वर्षं याच गावात मशीन चालवतोय, आणि माझं तोंड भिंतीकडे!

बाजारात आबोलीबाय मासळी विकते. मी तिचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. एकदा पाहतो तर माझ्या पिशवीतले बांगडे डोळे मिटायच्या बेतात, आणि त्याच्या पिशवीतले टक्क बघतायत.

"आबोले, ह्यो खंयचो न्याय?"

"तू गावचोच मेल्या, तुका कसलेय चलतत. तो बिचारो घाटावरसून इलोहा."

"मगे मीय घाट चढान परत उतरतंय!"

ती हसली, पण बांगडे काही बदलले नाहीत.

तरी माझ्याकडे हुकमाचं एक पान होतं. गाऱ्हाणं! देवळात, जत्रेत, नवी होडी पाण्यात लोटताना गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं, ते गाऱ्हाणं. ते घालणारा मी. मी मागायचं आणि जमलेल्यांनी "व्हय महाराजा!" म्हणायचं. भात पिकू दे, जाळ्यात मासळी येऊ दे, पोटासाठी मुंबईला गेलेल्या आमच्या चाकरमान्यांना सुखी ठेव. सगळ्यांसाठी मागायचं. गाऱ्हाणं घालणाऱ्यासाठी मात्र कुणी मागत नाही, तशी रीतच नाही. माझी तक्रार नव्हती. गावाचा आवाज माझा होता ना!

पहिल्याच जत्रेला हा मागे हात जोडून उभा राहिला. सगळ्यांचं "व्हय महाराजा!" झालं, आणि अर्ध्या श्वासाने उशिरा, एकट्याचा, शाळेतल्या हजेरीसारखा आवाज आला, "होय महाराज!"

देवळात हशा पिकला. पुढच्या वेळी तर लोक त्याच्या त्या उशिराच्या 'होय महाराज'ची वाट बघायला लागले. गाऱ्हाणं माझं आणि टाळी त्याला! रात्रभर मी कूस बदलत होतो.

मग एक नवी होडी लोटायच्या दिवशीच माझा घसा बसला. सगळे किनाऱ्यावर जमलेले, नारळ तयार, आणि माझ्या तोंडून फक्त वारा. होडीवाला कपाळाला हात लावून उभा. आबोलीबाय म्हणाली, "घाटावरच्याक उभो करा!"

तो माझ्याकडे वळला. "काका, चालतंय का?"

'की' नाही, 'का'. पहिल्यांदाच विचारत होता. पण नाही म्हणायलाही आवाज लागतो.

त्याने डोळे मिटले आणि सुरू केलं. शब्दन् शब्द माझा. थांबे माझे. 'चाकरमानी' म्हणायच्या आधी मी जे बारीक खाकरतो, तेसुद्धा! लोक त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून हसत होते. होडीबरोबर यालाही लोटावं, असं मला फार वाटलं.

माझं गाऱ्हाणं जिथे संपतं, तिथे तो थांबला नाही.

"आणि महाराजा," तो आपल्या मोडक्या मालवणीत म्हणाला, "जो इतकी वर्षां सगळ्यांसाठी मागता, तेचो आवाज तेका परत दे."

कुणी हसलं नाही. मग "व्हय महाराजा!" असं उठलं की किनाऱ्यावरचे बगळे उडाले. मीही म्हणालो. नुसते ओठ हलले.

चार दिवसांनी आवाज आला. पहिलं वाक्य त्यालाच ऐकवलं, "तुझी मालवणी अजून चुकते." हात उडाला. "चालतंय की!"

दोन वर्षं झाली आणि कंपनीने सगळ्यांना पुण्याच्या ऑफिसात परत बोलावलं. सकाळच्या एसटीला आबोलीबाय सुक्या बांगड्यांचं पुडकं घेऊन आली. "वास येतलो रे गाडीत," ती म्हणाली. मला वाटलं, आता हात उडणार. त्याने पुडकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं, आणि चढला.

पुढच्या जत्रेला मी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं. मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत आलो, खाकरलो, आणि तोंडातून आपोआप गेलं, "आणि आमचो एक चाकरमानी घाटार गेलो आसा. तेकाय सुखी ठेव रे महाराजा!"

बघा, इथेही त्यानेच बाजी मारली. मी जन्मात गाव सोडलं नाही, म्हणून त्या यादीत कधी आलो नाही. हा दोन वर्षं राहिला आणि आता दर जत्रेला गाऱ्हाण्यात येतो.

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. आणि पुढचं मागायच्या आधी सगळं देऊळ अर्धा श्वास थांबलं. मीही.